थायरॉइड स्कॅन केला म्हणजे माणूस महिनाभर 'रेडिएशनवाला' होतो का?

आमच्या इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर दर काही महिन्यांनी तोच मेसेज फिरतो, की थायरॉइडचा स्कॅन केला की अंगातून महिनाभर किरणं निघतात, नातवंडांना जवळ घेऊ नका. काळजीपोटीच पाठवतात लोक, आणि भीती अगदीच हवेतली पण नाहीये, फक्त दोन गोष्टींची सरमिसळ झालीये.

स्कॅनसाठी बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम नावाचं किरणं सोडणारं औषध शिरेतून अगदी थोडं देतात. त्याची किरणांची ताकद दर ६ तासांनी अर्धी होते, म्हणजे सकाळी १० ला दिलं तर दुपारी ४ ला अर्धं, रात्री १० ला पाव, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला सोळावा हिस्सा, शिवाय लघवीवाटे जातं ते वेगळंच. कागदावर स्वतः मांडून बघा. आणि ते मोठ्ठं मशीन किरणं सोडतच नाही, फक्त अंगातून येणारी टिपतं. फोटोत पूर्ण ग्रंथी चमकली तर बहुतेक ग्रेव्हज, म्हणजे सगळी थायरॉइड ग्रंथीच जास्त काम करण्याचा आजार, एकच गाठ चमकली तर ती गाठ जास्त काम करतेय, काहीच नीट उमटलं नाही तर बहुतेक सूज. पुढचे उपचार यावरूनच ठरतात.

मग महिन्याची गोष्ट आली कुठून? आयोडीन-१३१ च्या उपचारातून, म्हणजे थायरॉइडवर इलाज म्हणून देतात त्या किरणं सोडणाऱ्या आयोडीनमधून, त्याला अर्धं व्हायला ८ दिवस लागतात, तिथे मुलांपासून काही दिवस लांब राहायला खरंच सांगतात. आपल्या चिठ्ठीवर कोणतं नाव आहे ते बघा, नाहीतर सरळ टेक्निशियनला विचारा. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर मात्र स्कॅनच्या आधीच सांगा हं.