जुन्या व्हाइसचे मूळ आणि मोल

गोव्यातील एखाद्या जुन्या गॅरेजमध्ये, बार्ज दुरुस्तीच्या नदीकाठच्या कारखान्यात किंवा भंगाराच्या ढिगात सापडलेला बेंच व्हाइस, म्हणजे बाकावर बसवून दोन जबड्यांत वस्तू घट्ट आवळून धरणारा शिकंजा, हातात आला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात: हा कुठला, आणि हा चांगला आहे का? हे दोन प्रश्न एकच असल्यासारखे धरले जातात आणि ‘इंग्लंडचा’ असे कळताच पुढची तपासणी थांबते. वास्तविक मूळ आणि दर्जा या स्वतंत्र बाबी असून त्यांचे पुरावेही वेगवेगळे असतात. मूळ कळते ते अक्षरांवरून आणि आट्यांवरून (स्क्रूच्या वळत जाणाऱ्या खाचांवरून), तर दर्जा कळतो तो धातूवरून आणि जबड्यांच्या चालीवरून.

गोव्यात या अवजाराचे इतके प्रकार आढळतात, त्यामागे येथील इतिहास आहे. मुरगाव बंदराला घाटापलीकडच्या मुलखाशी जोडणारा लोहमार्ग १८८०च्या दशकात ब्रिटिश कंपनीने बांधला, तेव्हा त्याच्याबरोबर इंग्रजी बनावटीची अवजारे येणे क्रमप्राप्त होते. १९५०च्या दशकात भारताने पोर्तुगीज अमलाखालील गोव्यावर आर्थिक निर्बंध घातले आणि त्याच काळात जपान व पश्चिम जर्मनीकडे जाणाऱ्या लोहखनिजाची निर्यात वाढत गेली. साहजिकच बाहेरचा माल समुद्रमार्गे येत राहिला. १९६१च्या मुक्तीनंतर मात्र जालंधर-लुधियानाकडच्या कारखान्यांचा देशी माल येथील बाजारात स्थिरावला. त्यामुळे एकाच वर्कशॉपच्या दोन बाकांवर दोन खंडांतले व्हाइस बसवलेले दिसले, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

प्रथम अंगावरची अक्षरे पाहावीत. ‘रेकॉर्ड’ हे नाव शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचे, ‘पार्किन्सन’ यॉर्कशरमधील शिप्लीचे, ‘वोडन’ वेन्सबरीचे, ‘कोलंबियन’ अमेरिकेतील क्लीव्हलंडचे, तर ‘हॉयर’ हे घडीव पोलादी व्हाइससाठी ओळखले जाणारे जर्मन नाव. देशाचे नाव कोरलेले असल्यास काळाचाही अंदाज बांधता येतो, कारण ते नाव कारखानदाराने हौसेने घातलेले नसून बहुतेक वेळा कायद्याने घालायला लावलेले असते. ब्रिटनने १८८७ साली मालावरील खुणांचा कायदा केला आणि अमेरिकेने १८९० साली आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे सर्वत्र दिसू लागली ती यानंतर. ‘वेस्ट जर्मनी’ असे लिहिलेला नग १९४९ ते १९९० या काळातलाच असणार. भारतीय नगावर आयएसआयची खूण असेल, तर तो १९५२च्या प्रमाणन-चिन्हांच्या कायद्यानंतरचा आहे, एवढे निश्चित सांगता येते.

रंगावर मात्र विसंबू नये. रेकॉर्डचा निळा रंग इतका लोकप्रिय झाला की पुढे अनेकांनी तोच वापरला, आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत व्हाइसला कोणी कितीदा रंग फासला असेल, याची नोंद कोठेच नसते.

अक्षरेही फसवू शकतात, आणि येथे ओतकामाचे एक साधे विज्ञान कामी येते. वितळलेले बीड (ओतीव लोखंड) थिजताना आणि गार होताना सुमारे एक टक्क्याने आकसते, म्हणून मूळ कारखानदार लाकडी नमुना तेवढा मोठा बनवतो. नक्कल करणाऱ्याने नमुना न बनवता तयार व्हाइसच रेतीत दाबून साचा काढला, तर त्याचा नग मुळापेक्षा एक टक्क्याने लहान निघतो: जेथे मूळ नगाचे अंग ३०० मिलिमीटर भरते, तेथे नक्कल सुमारे २९७ भरते. हे माप यंत्रावर न तासलेल्या, ओतीव भागाचे घ्यावे, तासलेल्या जबड्याचे नव्हे. शिवाय अशा नकलेची अक्षरे कडांना गोलावलेली आणि उथळ दिसतात, कारण मूळ अक्षरांवरचा रंग आणि झीज यांच्यासह त्यांची छाप उमटलेली असते. त्याच नावाचा, निःसंशय अस्सल असा दुसरा नग शेजारी ठेवता आला, तर हा निवाडा पाच मिनिटांत होतो.

अक्षरे झिजून गेली असतील, तर आटे बोलतात. फिरत्या बैठकीचा अर्ध्या इंचाचा बोल्ट मिळाला, तर त्याच्या एक इंच लांबीत किती आटे आहेत ते मोजावे. व्हिटवर्थने १८४१ साली मांडलेल्या ब्रिटिश पद्धतीत ते बारा असतात आणि आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. अमेरिकन पद्धतीत ते तेरा आणि कोन ६० अंश. जवळपास त्याच जाडीच्या १२ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टवर एका इंचात साधारण साडेचौदा आटे येतात. बोल्ट बदललेला असू शकतो, म्हणून अंगातल्या भोकाचे आटे अधिक विश्वासार्ह मानावेत: ठाऊक असलेला बोल्ट हाताने फिरवून पाहिला की दोन-तीन वेढ्यांतच तो अडतो किंवा शेवटपर्यंत सहज जातो. मुख्य स्पिंडलचे, म्हणजे जबडा सरकवणाऱ्या लांब स्क्रूचेही तसेच. दहा आट्यांची लांबी व्हर्नियरने (बारीक मापे घेणाऱ्या मोजपट्टीने) घेतली आणि ती ६३.५ मिलिमीटर भरली, तर स्पिंडल इंचाला चार आटे या हिशेबाने कापलेला आहे. ६० भरली, तर तो मेट्रिक देशातला किंवा भारतात मेट्रिक पद्धत रुजल्यानंतरचा आहे. माझ्या मते साऱ्या तपासणीत हा पुरावा सर्वांत भक्कम आहे, कारण नक्कल करणारा अक्षरे उचलतो, पण आटे त्याला स्वतःच्या लेथवरच कापावे लागतात.

आता दर्जाकडे वळू, आणि दर्जाचा गाभा धातूत आहे. चुंबकाने येथे काही कळत नाही, कारण बीड, पोलाद आणि त्यांच्यामधले सारे प्रकार चुंबकाला चिकटतात. साध्या करड्या बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे कंपने शोषून घेतात, पण ताण पडला की प्रत्येक पापुद्र्याचे टोक तड सुरू होण्याची जागा ठरते, म्हणून असे बीड दाब उत्तम सोसते आणि ताणाखाली अचानक तुटते. १९४०च्या दशकात वितळलेल्या बिडात अल्प प्रमाणात मॅग्नेशियम मिसळून ग्रॅफाइटला गोळ्यांचे रूप देण्याची युक्ती सापडली आणि १९४९ साली अमेरिकेत तिचे पेटंट मंजूर झाले. हेच एसजी (स्फेरॉइडल ग्रॅफाइट, म्हणजे गोळ्यांच्या ग्रॅफाइटचे) आयर्न. गोळ्याला तीक्ष्ण टोक नसल्यामुळे हे बीड तुटण्याआधी वाकते आणि त्याचे ताणबल साध्या बिडाच्या दुपटीपर्यंत किंवा त्याहून पुढे जाते. त्याआधीच्या काळात हीच गरज मॅलिएबल बीड भागवत असे, ज्यात ठिसूळ पांढरे ओतीव दीर्घकाळ तापवून चिवट केले जाई.

हा फरक घरच्या साधनांनी ओळखता येतो. सरकता जबडा काढून घ्यावा, स्थिर भाग दोरीला टांगावा आणि लहान हातोडीने हलकेच ठोकावा: करडे बीड ‘ठप्प’ असा बसका आवाज देते, तर एसजी आयर्न आणि पोलाद घुमत राहतात. तळाच्या न दिसणाऱ्या बाजूला बारीक ड्रिल लावले, तर करड्या बिडाचा भुगा पडतो आणि बोटांना काळी चकाकती काजळी लागते, पोलादाची वेटोळी निघतात, आणि एसजीचे तुकडे या दोहोंच्या मधले असतात. ग्राइंडरवर धरल्यास करड्या बिडाच्या ठिणग्या आखूड व तांबूस, पोलादाच्या लांब व उजळ येतात. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्यामुळे रंगावर ग्राइंडर किंवा कोरडा पॉलिश पेपर मात्र चालवू नये.

किनाऱ्यावरच्या आपल्या हवेत आणखी एका दोषाची तपासणी अत्यावश्यक आहे, आणि तो वरून मुळीच दिसत नाही. खारट पाण्यात किंवा ओल्या खारट मातीत वर्षानुवर्षे राहिलेल्या करड्या बिडातले लोह हळूहळू विरघळून जाते आणि ग्रॅफाइटची जाळी जागच्या जागी उरते. आकार तोच, अक्षरेही शाबूत, पण धातू नाहीसा झालेला. बार्जच्या तळाशी पाण्यात किंवा खाडीच्या चिखलात पडून राहिलेला व्हाइस घेण्यापूर्वी त्याचा पृष्ठभाग चाकूच्या टोकाने खरवडून पाहावा. टोक आत शिरले आणि काळा मऊ थर पेन्सिलीच्या शिशासारखा सुटू लागला, तर तेथवरचे बीड संपलेले आहे. अशा नगाला कोणताही रंग वा तेल वाचवू शकत नाही. साधा तांबूस गंज याच्या तुलनेत निरुपद्रवी आहे.

यानंतर तडा. जबड्याचा गळा, म्हणजे जबडा अंगाला मिळतो तो कोपरा, आणि सरक, म्हणजे सरकत्या जबड्याचा दांडा, जेथून आत शिरते ती कड या दोन जागा आधी पाहाव्यात. जागा स्वच्छ पुसून तेथे रॉकेल लावावे, थोड्या वेळाने ते कोरड्या फडक्याने पूर्ण टिपून घ्यावे आणि वर पांढऱ्या खडूची पूड घासावी. तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल खडूत झिरपून वर येते आणि पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटते. पिवळसर धातूची रेघ दिसली, तर तो पितळी ब्रेझिंगचा, म्हणजे वितळलेले पितळ भरून केलेला जोड आहे. नीट केलेले ब्रेझिंग टिकते. निष्काळजीपणे केलेल्या वेल्डिंगच्या कडेला मात्र बीड झपाट्याने गार होऊन काचेसारखे कठीण व ठिसूळ बनते आणि पुढची तड त्याच कडेने जाते.

तडे पडतात कशाने, याचे उत्तर गणितात आहे. स्पिंडलच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर दांडीला (स्पिंडल फिरवायच्या आडव्या मुठीला) २० किलोचा जोर दिला आणि आट्यांमधील अंतर ५ मिलिमीटर असेल, तर एका वेढ्यात हात सुमारे १,२५७ मिलिमीटर फिरतो आणि जबडा फक्त ५ सरकतो. म्हणजे जोर अडीचशे पट होऊन पाच टनांवर जायला हवा. प्रत्यक्षात घर्षण त्यातला बराचसा भाग खाते आणि जबड्यांत साधारण एक टन उरतो. दांडीत पाइप घालून आवळणारा मनुष्य हा भार दुप्पट-तिप्पट करत असतो. चांगल्या व्हाइसची दांडी मुद्दाम अशा जाडीची ठेवलेली असते की अंग तुटण्याआधी तीच वाकावी. म्हणून वाकलेली दांडी दिसली तर गळ्याची तपासणी दुप्पट काळजीने करावी, आणि मूळची दांडी जाऊन तिच्या जागी जाड सळई आलेली दिसली तर त्याहूनही अधिक.

जबडे अर्धे उघडून सरकता जबडा वर-खाली हलवावा. थोडी हालचाल प्रत्येक जुन्या नगात असते. मात्र जबडे मिटताना वरच्या कडा प्रथम टेकायला हव्यात, कारण आवळल्यावर जबडा किंचित मागे झुकतो आणि तेव्हाच पूर्ण पृष्ठभाग जुळतो. चारही कोपऱ्यांत कागदाच्या पट्ट्या धरून हे सहज पडताळता येते. जबड्यांच्या पोलादी पट्ट्या झिजल्या असतील तर नव्या बसवता येतात, आणि स्पिंडल ज्यात फिरतो तो आटे खाल्लेला नट कोणताही जाणता टर्नर (लेथवरचा कारागीर) गनमेटलमध्ये, म्हणजे कांशाच्या एका प्रकारात, पुन्हा करून देतो. म्हणून दोन नगांत निवड करायची वेळ आली, एक नामांकित पण गळ्यात तडा गेलेला आणि दुसरा निनावी, घुमणाऱ्या आवाजाचा, फक्त नट झिजलेला, तर दुसरा घ्यावा आणि उरलेले पैसे टर्नरला द्यावेत.