जबड्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा घास चावता यावा म्हणून

जबड्याचं ऑपरेशन ठरलं की घरातल्या सगळ्यांचा जीव गाठीत अडकलेला असतो. पुढे जेवायचं कसं, हा प्रश्न टाके निघाल्यावर पुढे येतो. आम्ही अशा रुग्णांना कवळ्या बसवणारे दातांचे डॉक्टर. आमची विनंती एवढीच, की ऑपरेशनच्या आधी एकदा आमच्याकडे या. दात जागेवर असताना माप घेऊन ठेवलं तर पुढचं काम पुष्कळ सोपं होतं.

आमच्याकडे येतात ते बहुतेक तंबाखू-गुटख्याने झालेल्या कॅन्सरचे रुग्ण. 2021 च्या कोरोना लाटेनंतर म्युकरमायकोसिसमुळे (काळ्या बुरशीमुळे) वरचा जबडा गमावलेलेही आले.

वरचा जबडा काढला की टाळूला भोक राहतं. पाणी प्यायलं तर नाकातून येतं, बोलणं गेंगाणं होतं. ही वाट बंद करणारी, दात लावलेली कवळी म्हणजे ऑब्च्युरेटर. तिच्याआधीची, टाळू झाकणारी पहिली पट्टी सर्जन ऑपरेशन टेबलावरच बसवतात, आधी माप हवं ते त्यासाठीच. ड्रेसिंग निघाल्यावर दुसरी येते, आणि जखम आकसेल तसं तिचं अस्तर बदलावं लागतं. इथे चकरा होतात, त्याची तयारी ठेवा. कायमची कवळी साधारण 3 ते 6 महिन्यांनी. शेक, म्हणजे कॅन्सरसाठीचं रेडिएशन, घेतला असेल तर आणखी उशीर लागू शकतो. तिचा भोकात बसणारा भाग आम्ही पोकळ ठेवतो. भरीव केला तर वजनाने कवळी खाली येते आणि आधाराचे दात हलू लागतात.

खालच्या जबड्याची अडचण निराळी. एका बाजूच्या हाडाचा तुकडा काढून जबडा पुन्हा जोडला नसेल, तर उरलेला जबडा ऑपरेशनच्या बाजूला ओढला जातो. दात असूनही वर-खाली जुळत नाहीत. अशा वेळी दातांवर एक उभी पट्टी बसवतो, तिला गाईड फ्लँज म्हणतात. तोंड मिटताना जबडा तिच्यावरून सरकत जागेवर येतो. व्रण कडक झाल्यावर आलात तर तिचा फारसा उपयोग होत नाही. पायाचं हाड लावून जबडा बांधला असेल तर इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या स्क्रूवर) पक्के दात बसवण्याचा विचार करता येतो. घास दातांखाली सारते ती मात्र जीभ. तीच बरीचशी काढली असेल तर कोणतीही कवळी पूर्वीसारखं चावू देणार नाही.

शेक घेतलेल्या जबड्यातला दात दुखला तर गावात कुणाकडूनही उपटून घेऊ नका. तिथलं हाड सहज भरून येत नाही, सडू शकतं. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करा. तोंड उघडलंच नाही तर माप घ्यायचं कसं?

कवळी बसल्यावर सुरुवात मऊ भात-वरण, आंबील, वरणात भिजवून कुस्करलेली भाकरी, यांनी करा. घास लहान, चांगल्या बाजूने. हुरडा आणि भाजलेल्या शेंगा यंदा राहू द्या. जेवल्यावर कवळी आणि टाळूची पोकळी दोन्ही धुवा; कवळी उकळत्या पाण्यात घालू नका, वाकते.

ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं असेल तर कवळीचा खर्च त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारून घ्या.

येताना डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, शेकाचे कागद आणि दात दिसतील असा जुना फोटो आणा. जुनी कवळी असेल तर तीही टाकू नका.