तंबूतला लाकडावरचा स्टोव्ह: घेण्याआधी हे वाचा

कॉलोराडोत शिकारीला किंवा थंडीतल्या कॅम्पिंगला जाणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

दुकानात आलेला माणूस आधी स्टोव्ह उचलून बघतो. "अरे, काहीच वजन नाही!" म्हणतो आणि अर्धा निर्णय तिथेच होऊन जातो. आमची विनंती अशी की वजनाचा विचार शेवटी करा. तंबू कसला आहे, तिथवर सामान कोण नेणार आणि रात्री उठून लाकूड घालायची तयारी आहे का, हे आधी ठरू द्या.

आपल्याकडे, म्हणजे भारतात, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार जवळजवळ बंदच झाली. त्यामुळे आमच्या बऱ्याच मराठी ग्राहकांची शिकारीशी ओळख इथे आल्यावरच होते. परवाना कॉलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या खात्याकडून घ्यावा लागतो. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्याआधी शिकारीचं सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण केलेलं असावं लागतं. ते झालं असं धरून पुढचं लिहितो.

सामान कोण नेणार?

ट्रक थेट तंबूच्या जागेपर्यंत जाणार असेल तर हलक्या स्टोव्हच्या मागे लागू नका. अशा ठिकाणी लोक उभ्या भिंतींचा कॅनव्हासचा मोठा तंबू लावतात. त्यात १५ ते ३० किलोंचा जाड पत्र्याचा स्टोव्ह उत्तम. तो तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की ऊब धरून ठेवतो, आणि वर भरलेलं पातेलं ठेवलं तरी वाकत नाही. तिथे टायटॅनियमवर खर्च करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आम्ही दोन्ही विकतो, तरी हेच सांगू.

सामान घोड्यावर किंवा खेचरावर जाणार असेल तर स्टेनलेस स्टीलचा घडीचा स्टोव्ह पुरतो. धुराड्यासकट तो साधारण ४ ते ८ किलो भरतो.

सगळं स्वतःच्या पाठीवर असेल तेव्हा मात्र टायटॅनियमच. एल्कची, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाची, शिकार बहुतेक ९ ते ११ हजार फुटांवर होते, आणि तिथे चढताना प्रत्येक किलो जाणवतो. शिकार मिळाली तर उतरतानाचा प्रश्न त्याहून मोठा. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांससुद्धा शंभर किलोच्या आसपास जातं, म्हणजे अनेक खेपा. धुराड्यासकट दीड किलोचा स्टोव्ह आणि सहा किलोंचा स्टोव्ह यातला फरक तेव्हा कळतो.

टायटॅनियमचे गुण आणि खोडी

टायटॅनियमची घनता ४.५ आहे, स्टीलची जवळजवळ ८. पण स्टोव्ह हलका होतो तो केवळ त्यामुळे नाही. हा धातू आचेत चांगला टिकतो, म्हणून त्याचा पत्रा अगदी पातळ घेता येतो. धुराड्याचा पत्रा तर इतका पातळ की गुंडाळी करून स्टोव्हच्या पेटीच्या (ज्यात लाकूड जळतं) आत ठेवता येतो. तो गंजत नाही. पहिल्या जाळानंतर सोनेरी, निळा, जांभळा होतो. काही ग्राहक रंग बदलला म्हणून स्टोव्ह परत घेऊन येतात. तो बिघाड नव्हे.

पातळ पत्र्याची दुसरी बाजूही ऐका. पेटवल्यावर काही मिनिटांत तंबू गरम होतो आणि जाळ विझला की तितक्याच लवकर गार पडतो. पेटीच्या बाजू आचेने थोड्या वाकतात. वरच्या पत्र्यावर चहाचं भांडं चालेल, चार माणसांच्या खिचडीचं पातेलं नको. आणि किंमत त्याच मापाच्या स्टेनलेसच्या दुपटीहून जास्त असते.

"रात्रभर जळेल ना?"

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर स्पष्ट आहे: नाही. पाठीवरून नेण्याजोग्या छोट्या पेटीत दर तासाभराने, कधी त्याआधीच, लाकूड घालावं लागतं. हवेची झडप आवळून लाकूड धुमसत ठेवलं तर वेळ थोडा वाढतो, पण धूर वाढतो, धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते आणि विषारी वायूचा धोकाही वाढतो. तसं करू नका.

रात्रीची थंडी काढायची ती झोपायच्या पिशवीने. ऑक्टोबरच्या शेवटी या उंचीवर पारा शून्याखाली १० अंशांपर्यंत जाऊ शकतो. पिशवी त्या हिशोबानेच घ्या. स्टोव्हचं काम संध्याकाळी आणि पहाटे. ओले बूट-मोजे वाळवायचे, बर्फ वितळवून पाणी करायचं, तंबूच्या आतलं दव सुकवायचं, आणि पहाटे काळोखात बोटं हलतील इतपत गरम व्हायचं. एवढ्यासाठी छोटा स्टोव्हही पुरून उरतो.

तरीही दोन मापांत मन अडकलं असेल तर लांब पेटी घ्या. वजन थोडं वाढतं, पण करवत चालवायचे कष्ट कितीतरी वाचतात. १० इंची पेटीला ९ इंचांचे तुकडे लागतात, आणि दिवसभर डोंगर चढून आल्यावर ते कापत बसणं कुणालाच आवडत नाही. शिवाय लांब पेटीत जाड लाकूड मावतं, ते सावकाश जळतं.

एक सूचना शिकार मिळालेल्यांसाठी: मांस गरम तंबूत ठेवू नका. बाहेर सावलीत, वारा लागेल असं टांगा.

तुमच्या तंबूला धुराड्याची सोय आहे का?

नायलॉन साधारण २२० ते २६० अंशांना वितळतं, आणि धुराडं त्याहून कितीतरी जास्त तापू शकतं. म्हणून धुराडं ज्यातून बाहेर काढायचं ते आच सोसणाऱ्या कापडाचं भोक तंबूला असलंच पाहिजे. साध्या कॅम्पिंगच्या तंबूला घरी भोक पाडून त्यात स्टोव्ह लावायचा बेत असेल, तर आम्ही तुम्हाला स्टोव्ह विकणार नाही.

भोकाचा व्यास धुराड्याला जुळायला हवा. येताना मोजून या. पेटी आणि तंबूची भिंत यांत निदान दीड फूट अंतर ठेवा, आणि झोपेत पाय कुठवर जातात तेही आडवं होऊन बघा. सिंथेटिक तंबूला ठिणग्यांची टाचणीएवढी भोकं कधी ना कधी पडतातच. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडावर सिलिकॉनचाच गोंद चालतो, दुसरा चिकटत नाही.

धुराडं

नवीन धुराडं पहिल्यांदा गोल करणं हे दोन माणसांचं काम आहे. कडा धारदार असतात, हातमोजे घाला. हे घरीच करा, आणि पहिला जाळही अंगणातच, तंबूबाहेर. कारखान्यातलं तेल जळून वास आणि धूर येतो, आणि पत्र्याला नळीचा आकार बसतो. पुढच्या खेपेला तोच पत्रा बराच शहाण्यासारखा वागतो.

धुराड्याचं टोक तंबूच्या शेंड्याच्या वर गेलं पाहिजे, नाहीतर वारा धूर आत ढकलतो. टोकावरची ठिणग्या अडवणारी जाळी काढून टाकू नका. ती काजळीने बुजते, म्हणून रोज सकाळी थंड असताना झटका. दार उघडताच धूर तोंडावर आला तर आधी तीच बघा.

गावी तांब्याचा बंब पेटवलेल्यांना पुढचं सांगायला नको: मधली नळी तापेपर्यंत धूर उलटा येतो, तापली की खेचायला लागते. इथेही तसंच. आधी कागद आणि बोटाएवढ्या काटक्यांचा लख्ख जाळ करा, जाड लाकूड नंतर.

कार्बन मोनॉक्साइड

या वायूला रंग नाही, वास नाही. जाळ पडून नुसते निखारे धुमसत असतात तेव्हा तो जास्त तयार होतो, म्हणजे नेमका तुम्हाला डोळा लागतो त्या वेळी. बॅटरीवरचा अलार्म झोपायच्या जागेजवळ ठेवा. घरगुती अलार्मवर तो किती थंडीत चालतो ते छापलेलं असतं, ते वाचून घ्या. तंबूच्या खालच्या कडेला आणि शेंड्याला हवेची वाट उघडी ठेवा. रात्री बर्फ पडला तर खालची वाट बुजते, तेव्हा उठून मोकळी करा. झोपण्यापूर्वी निखारे पूर्ण जळून जाऊ द्या. डोकं दुखायला किंवा मळमळायला लागलं तर कारण शोधत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. अलार्म नसलेल्या ग्राहकाला आम्ही स्टोव्ह भाड्याने देत नाही.

लाकूड, जमीन आणि नियम

इथल्या जंगलात किड्याने मारलेले लॉजपोल पाइन भरपूर आहेत. त्यांचं वाळलेलं लाकूड लगेच पेट घेतं. जमिनीवर पडून भिजलेल्या ओंडक्यापेक्षा जमिनीला न टेकलेली वाळकी फांदी बरी. ओंडका फोडला तर आतला गाभा बहुतेक वेळा कोरडा निघतो. घरून सरपण नेऊ नका, किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात. 'विल्डरनेस' म्हणून राखलेल्या भागात चेनसॉ चालत नाही, १९६४ च्या कायद्याने मोटरवरच्या हत्यारांना बंदी आहे. हातकरवत न्या.

स्टोव्ह पाइनच्या सुयांच्या थरावर ठेवू नका. तो थर आतून धुमसत राहतो आणि तुम्ही निघून गेल्यावर पेट घेतो. खाली माती दिसेपर्यंत साफ करा. बर्फ असेल तर स्टोव्हच्या पायांखाली ओले ओंडके टाका. नदीतले भिजलेले दगड नकोत, ते तापून फुटतात.

कोरड्या वर्षी सप्टेंबरात, धनुष्यबाणाच्या हंगामात, आग पेटवण्यावर निर्बंध असण्याची शक्यता बरीच असते. त्यांना स्टेज १, स्टेज २ म्हणतात. तंबूतला, धुराडं असलेला स्टोव्ह चालतो की नाही हे त्या-त्या वनाच्या आदेशात वेगवेगळं असतं, म्हणून निघण्यापूर्वी तिथल्या रेंजर ऑफिसला फोन करा. "स्टोव्ह चालतो का" एवढंच विचारलं तर गॅसचा समजून हो म्हणतील. लाकडाचा आहे हे सांगा.

सुट्टीत हाच स्टोव्ह सह्याद्रीत ट्रेकला नेऊ का, असंही विचारतात. नेऊ नका. तिथल्या थंडीला तो लागत नाही, आणि अभयारण्यात आग लावायला कायद्याने मनाई आहे.

दुकानात येताना

तंबूचा फोटो, त्याच्या मधल्या खांबाची उंची आणि धुराड्याच्या भोकाचा व्यास घेऊन या. माणसं किती, रात्री किती आणि महिना कोणता, हेही सांगा. पहिल्याच हंगामाला विकत घेण्यापेक्षा भाड्याने न्या. नंतर तोच स्टोव्ह घेतलात तर भाडं किमतीतून वजा होतं. एकदा पेटवलेला नवा स्टोव्ह आम्ही परत घेत नाही. भाड्याचा मात्र राख काढून, धुराडं पुसून आणा, नाहीतर सफाईचे पैसे वेगळे पडतात.