साधी सिगरेट, ‘लाइट’ सिगरेट आणि फिल्टरवरची भोकं

माझे मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करायचे. छातीत कफ साठायला लागला तेव्हा डॉक्टरांनी सिगरेट बंद करायला सांगितली. मामांनी बंद केली नाही, बदलली. पानपट्टीवर नेहमीच्या पाकिटाऐवजी फिकट रंगाचं पाकीट मागू लागले. “आता लाइटवर आलोय. हिचं काय वाटत न्हाई बघ,” असं समाधानानं सांगायचे. मलाही तेव्हा बरं वाटलं. ते चुकलं, म्हणून हे लिहितोय.

दोन्ही सिगरेटींतला मुख्य फरक तंबाखूत नाही, फिल्टरमध्ये आहे. लाइट सिगरेटच्या फिल्टरवरचा कागद सोलून उजेडासमोर धरा. तोंडाकडच्या टोकापासून साधारण सेंटीमीटरभर अंतरावर बारीक भोकांची रांग गोल फिरलेली दिसेल. झुरका ओढला की या भोकांतून बाहेरची हवा आत येते आणि धुरात मिसळते, दुधात पाणी घालावं तशी. साध्या सिगरेटला ही भोकं नसतात, किंवा कमी असतात.

लाइटमध्ये टार (धुरातला चिकट, काळपट अंश) आणि निकोटिन कमी, असं दाखवणारे आकडे यंत्रानं मोजलेले असायचे. अमेरिकेत १९६७ पासून वापरलेल्या पद्धतीत यंत्र मिनिटाला एक झुरका घेतं, दोन सेकंदांचा, ३५ मिलीलिटरचा. यंत्राला ओठ नाहीत, बोटं नाहीत आणि तलफ तर नाहीच. त्यामुळे भोकं शेवटपर्यंत उघडी, धूर पातळ आणि आकडा कमी.

माणसाच्या मेंदूला मात्र निकोटिनच्या ठरावीक मात्रेची सवय लागलेली असते. पाणी घातलेलं दूध पाजलं तर वासराचं पोट भरत नाही, ते ढुशा देत राहतं. इथंही तसंच होतं. झुरका लांबतो, खोल जातो, लवकर लवकर घेतला जातो, सिगरेट पार फिल्टरपर्यंत ओढली जाते. शिवाय आपण चिमटीत धरतो आणि ओठ टेकवतो, तिथंच ही भोकं असतात. ती झाकली गेली की पाणी घालणं थांबलं, धूर पुन्हा घट्ट.

हे थोटकावर वाचता येतं. भोकं उघडी राहिली असतील तर फिल्टरच्या टोकाला मधोमध तपकिरी डाग आणि भोवती पांढरी कड दिसते, कारण कडेनं स्वच्छ हवा आलेली असते. झाकली गेली असतील तर टोक कडेपर्यंत सारखं तपकिरी होतं. मामांच्या वाटीतली थोटकं मी एकदा निरखून पाहिली. बहुतेक सगळी कडेपर्यंत तपकिरी होती.

एक फरक मात्र खरा आहे. पातळ धूर घशाला टोचत नाही. मला यातलं हेच सगळ्यात वाईट वाटतं. साधी सिगरेट निदान ठसका तरी देते. मऊ धूर माणूस बिनधास्त खोलवर ओढतो. १९५० च्या दशकानंतर सिगरेटच्या रचनेत झालेल्या बदलांमुळे फुप्फुसाच्या अॅडिनोकार्सिनोमा या कॅन्सरचा धोका वाढला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २०१४ च्या अहवालात आहे. त्यामागे भोकांचे फिल्टर असू शकतात, असंही त्यात म्हटलंय.

आपल्याकडे आणखी एक सल्ला मिळतो: “त्यापरीस बिडी बरी, पानाची असते.” शेजारी निपाणी असल्यानं बिडी आपल्याला घरची वाटते. बिडीत तंबाखू सिगरेटपेक्षा बरीच कमी असते हे खरं. पण तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, बिडी सारखी विझायला बघते, म्हणून ती जोरात आणि वरचेवर ओढावी लागते. तंबाखू कमी जळाली, तरी निकोटिन आणि टार कमी जात नाही.

अमेरिकेनं २०१० मध्ये पाकिटावर ‘लाइट’, ‘माइल्ड’ छापायला बंदी घातली. मग सोनेरी-चंदेरी नावं आली. आपल्या पानपट्टीवर ‘लाइट दे’ अजून तोंडी चालतंच.

शेवटी मी दोन थोटकं मामांसमोर ठेवली, एक पांढऱ्या कडेचं आणि एक त्यांचं नेहमीचं. त्यांनी बराच वेळ न्याहाळली. “म्हंजे मी दोन वरसं तीच ओढतोय व्हय?” पाकिटावर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत नंबर छापलेला असतो. तो आम्ही त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट वाचला.