एकच बॅटरी, चार रस्ते : इलेक्ट्रिक गाडीच्या रेंजचा कोल्हापुरी हिशेब

कोल्हापुरात इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न किमतीचा नसतो. "एका चार्जिंगमध्ये पुण्याला पोचते काय?" हा तो प्रश्न. पुणे इथून सुमारे २३० किलोमीटर आणि गाडीच्या माहितीपत्रकावरचा रेंजचा, म्हणजे एका चार्जिंगमध्ये कापता येणाऱ्या अंतराचा, आकडा चारशेच्या पुढचा, तेव्हा उत्तर ठणठणीत 'हो' असायला हवे. तरीही गाडीचा मालक क्षणभर थांबतो आणि "कशी चालवणार, त्यावर आहे" असे काहीतरी पुटपुटतो. ऐकणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते. वास्तविक भौतिकशास्त्राला विचारले तर तेही हेच उत्तर देईल.

बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात सांगतात आणि किलोवॅट-तास म्हणजे महावितरणच्या बिलावरचे आपले ओळखीचे युनिट. मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीत साधारण ४० युनिटे मावतात. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे ही साडेचारशे किलोमीटरची जाहिरात करणारी गाडी प्रत्यक्षात जेमतेम साडेचार लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा घेऊन घराबाहेर पडते. तिचे ऐश्वर्य साठ्यात नाही, काटकसरीत आहे. पेट्रोलचे इंजिन मिळालेल्या ऊर्जेचा पाऊण भाग उष्णतेत घालवते. मोटर बॅटरीतून घेतलेल्या ऊर्जेपैकी ८५ ते ९० टक्के चाकांपर्यंत पोचवते. मात्र या काटकसरीमुळेच एक विचित्र गोष्ट घडते. ज्या घरात मुळात उधळपट्टी चालू असते तिथे दहा रुपये जास्त गेले तर कळत नाहीत. जिथे पै-पैचा हिशेब असतो तिथे ते लगेच डोळ्यांवर येतात. वाऱ्याचा विरोध, चढण, एसी हे खर्च पेट्रोलच्या गाडीलाही असतातच, पण इंजिनाच्या प्रचंड नासाडीत ते झाकले जातात. इलेक्ट्रिक गाडीत ते उघडे पडतात.

माहितीपत्रकावरचा आकडा खोटा असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो एका विशिष्ट परीक्षेतला गुण असतो. आपल्याकडे ही परीक्षा 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल' या ठरावीक वेळापत्रकानुसार होते आणि ती घेणाऱ्या संस्थांपैकी पुण्याची एआरएआय सर्वांच्या परिचयाची आहे. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करून चालवली जाते, तिचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही, सरासरी ताशी ३२ च्या आसपास राहते आणि एसी बंद असतो. टाटा मोटर्सने २०२४ मध्ये ४५ युनिटांची नेक्सॉन बाजारात आणली तेव्हा या परीक्षेतली रेंज ४८९ किलोमीटर असल्याचे सांगितले आणि प्रत्यक्ष रस्त्यावर ३५० ते ३७० मिळेल, असेही स्वतःच जाहीर केले. अमेरिकेतील ईपीए ही संस्था प्रयोगशाळेतल्या आकड्याला साधारणपणे ०.७ ने गुणून मगच तो ग्राहकाला दाखवते. ४८९ ला ०.७ ने गुणले तर ३४२ येतात. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले आकडे इतके जवळ येतात, यावरून माहितीपत्रक वाचताना मनात किती वजावट करायची याचा अंदाज यावा.

आता पुण्याच्या रस्त्याला लागू. पेट्रोलच्या गाडीने आपल्याला शिकवले आहे की हायवेला 'अ‍ॅव्हरेज' चांगले मिळते आणि गावात पडते. इलेक्ट्रिक गाडीत हे उलटे होते. गर्दीत थांबलेली मोटर काहीच खात नाही आणि प्रत्येक ब्रेकला थोडी ऊर्जा परत मिळते. हायवेवर मात्र हवा आडवी येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला की तो चौपट होतो. चार माणसे आणि सामान धरून १७०० किलोची, चौकोनी बांध्याची, ४० युनिटांची एखादी गाडी घेऊन, एसी चालू ठेवून, सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाचा हिशेब मांडला तर ताशी ६० ला तिची रेंज सुमारे ३७० किलोमीटर येते, ८० ला ३००, १०० ला २४० आणि १२० ला १९०. गाडी तीच, बॅटरी तीच, रस्ताही तोच. उजव्या पायाचा दाब तेवढा वेगळा. या हिशेबात ताशी ८० ने पुण्याला पोचताना ३० ते ३१ युनिटे खर्च होतात आणि नऊ-साडेनऊ शिल्लक राहतात. ताशी १०० ने गेल्यास साडेअडतीस खर्च होतात, म्हणजे कात्रजचा बोगदा ओलांडताना चालकाचे लक्ष रस्त्यापेक्षा पडद्यावर जास्त असेल.

यातला आणखी एक भाग मला फार गमतीचा वाटतो. हे अंतर ताशी १०० ने कापायला दोन तास अठरा मिनिटे लागतात आणि ८० ने दोन तास बावन्न. वाचलेली ३४ मिनिटे वाटेत चार्जिंगला थांबण्यातच जातात. कावळा नाक्यावरून दोघे एकदम निघाले तर घाई करणारा आणि न करणारा स्वारगेटला जवळजवळ एकाच वेळी पोचतील. सातारा-कागल पट्ट्यातले रुंदीकरणाचे काम आणि वळणरस्ते हिशेबात धरले तर सलग १०० चा वेग मिळणेच अवघड आहे, हा मुद्दा निराळा.

पुण्याच्या रस्त्यावर खंबाटकी आणि कात्रज लागतात खरे, पण कोल्हापूर आणि पुणे ही दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहेत. त्यामुळे चढलेले बहुतेक सगळे पुन्हा उतरावे लागते आणि जमाखर्च बराचसा मिटतो. पश्चिमेकडे निघालो की मात्र प्रकरण बदलते. आंबा घाटातून रत्नागिरीला जाणारी गाडी आपली साडेपाचशे मीटर उंची सोडून समुद्राशी जाते. १७०० किलोचे धूड एवढे वर आणायला अडीच युनिटांपेक्षा थोडी जास्त ऊर्जा लागते आणि मोटरमधली गळती धरली तर बॅटरीतून २.९ युनिटे जातात. सपाट रस्त्यावर ताशी ८० ने एवढ्यात २२ किलोमीटर गेलो असतो.

उतरताना गंमत असते. पाय उचलला की मोटर जनित्राचे काम करू लागते, चाकांची गती विजेत बदलते आणि ती बॅटरीत जमा होते. पण वर नेलेले सगळे परत मिळत नाही. घर्षण, हवा आणि रूपांतराची गळती यांत बराच वाटा जातो. उतार नीट हाताळला तर दोन तृतीयांशाच्या आसपास हाती लागते असे धरायला हरकत नाही. म्हणजे जाताना सुमारे १३ किलोमीटरची कमाई आणि येताना २२ चा जादा खर्च. रत्नागिरीला जाताना वापरलेल्या टक्क्यांवर विसंबून जो परतीचे गणित मांडतो, त्याचे गणित १३० किलोमीटरांत पस्तीस किलोमीटरने चुकते. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

पन्हाळा हे याच गणिताचे घरगुती उदाहरण आहे. अंतर वीस किलोमीटर, चढ सुमारे चारशे मीटर. नुसत्या चढासाठी दोन युनिटे. तिथे मुक्काम करून रात्रभरात बॅटरी शंभर टक्के भरून सकाळी खाली निघालात तर एक अनपेक्षित अनुभव येतो : पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही. भरलेल्या बॅटरीत वीज ठेवायला जागाच नसल्यामुळे ब्रेकमधून मिळणारी ऊर्जा घेतली जात नाही आणि उतारावरची फुकटची कमाई ब्रेकपॅडच्या उष्णतेत जाते. गडावरून निघायचे असेल तर नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबवणे शहाणपणाचे.

हवामानाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ पूर्णपणे बॅटरीवर चालणाऱ्या होत्या. तिथल्या हिवाळ्यात बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावतात, शिवाय गाडीचा अंतर्भाग तापवायलाही बॅटरीच लागते. कोल्हापूरच्या थंडीत यातले काही होत नाही. आपला एसी साधारण एक युनिट ताशी घेतो. हायवेवर हा खर्च प्रति किलोमीटर नगण्य असतो, पण मे महिन्याच्या दुपारी महाद्वार रोडच्या गर्दीत ताशी दहाच्या गतीने सरकताना तोच खर्च गाडी ओढण्याच्या खर्चाच्या बरोबरीला येतो. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी टायरने बाजूला सारावे लागते आणि तिथेही ऊर्जा जाते. टायरमधली हवा कमी असणे हा त्याहून नेहमीचा आणि फुकटात टाळता येणारा तोटा आहे.

मग पडद्यावर दिसणाऱ्या 'उरलेल्या किलोमीटरां'चे काय? बहुतेक गाड्यांत तो आकडा मागच्या काही अंतरातल्या वापरावरून काढलेला अंदाज असतो. गाडीला मागचा रस्ता ठाऊक असतो, पुढचा नाही. करूळ घाट चढून आलेल्या गाडीला सगळे जग चढाचेच वाटते आणि आंबा घाट उतरलेल्या गाडीला सगळे उताराचे. म्हणून अनुभवी चालक किलोमीटरांचा आकडा सोडून टक्के पाहतो आणि कोणत्या रस्त्याला किती टक्के लागतात ते लक्षात ठेवतो. कोल्हापूरकराला ही रीत शिकवावी लागू नये. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ३५ फूट ऐकून कोणी सामान बांधत नाही, कारण त्या आकड्याचा अर्थ वर्षानुवर्षांच्या पाण्याने शिकवलेला असतो.

खुद्द टक्क्यांचा आकडाही मोजलेला कमी आणि काढलेला जास्त असतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, प्रकारच्या बॅटरीचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे व्होल्टेजवरून बॅटरी किती भरली आहे हे ओळखणे कठीण जाते आणि आत-बाहेर गेलेल्या विद्युतप्रवाहाची बेरीज-वजाबाकी ठेवावी लागते. अशा गाड्यांना अधूनमधून शंभर टक्के चार्ज करण्याची शिफारस असते, ती हा हिशेब पुन्हा जुळवण्यासाठी.

रेंजच्या या धास्तीसाठी इंग्रजीत 'रेंज अँग्झायटी' असा स्वतंत्र शब्दप्रयोग आहे. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ईव्ही१ या गाडीच्या चालकांविषयी लिहिताना तो छापला गेला आणि २०१० मध्ये त्याच कंपनीने त्यावर व्यापारचिन्हाचा हक्क मिळवण्यासाठी अर्जही केला. त्याहून बोलका अनुभव टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीचा आहे. २००७-०८ च्या काळात कंपनीने कर्मचाऱ्यांना इलेक्ट्रिक गाड्या दिल्या. गाड्या निम्म्याहून अधिक भरलेल्या बॅटरीनिशी परत येत. कंपनीने परिसरात आणखी एक जलद चार्जर उभारल्यावर गाड्या लांबवर जाऊ लागल्या आणि बॅटरी बरीच उतरवून परतू लागल्या, मात्र त्या नव्या चार्जरचा वापर फारसा झालाच नाही. तो आहे, एवढे ठाऊक असणे पुरेसे होते. याची दुसरी बाजू मी स्वतः अनुभवली आहे : हायवेवरच्या एका धाब्याशेजारी नकाशात दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद निघाला, आणि त्यानंतरचे चाळीस किलोमीटर मी ट्रकच्या मागे ताशी ५५ ने गेलो. बॅटरीत पुरेसे होते. मन मानत नव्हते.

जलद चार्जिंगचे आकडे कंपन्या बहुधा १० ते ८० टक्क्यांसाठी सांगतात, त्यालाही कारण आहे. जोतिबाच्या यात्रेची रिकामी एसटी फलाटाला लागली की पहिले तीस जण क्षणात बसतात. शेवटच्या दहांना आत शिरायला वेळ लागतो. चार्जिंग होताना लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरांत असेच जागा शोधतात आणि घाई केली तर आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचून बॅटरीची हानी करतात. म्हणून ऐंशीच्या पुढे गाडी स्वतःच वेग कमी करते.

रोजच्या वापरात यातल्या बहुतेक चिंता फिजूल आहेत. राजारामपुरीतून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन गावातली कामे केली तरी पाच युनिटे पुरतात आणि घरचा पंधरा अँपिअरचा सॉकेट रात्रीच्या आठ तासांत त्याच्या चौपट देतो. खरी अडचण शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत राहणाऱ्याची आहे, जिथे गाडी बोळाच्या तोंडाशी लागते आणि मीटर तिसऱ्या घराच्या जिन्याखाली असतो. त्याची धास्ती रेंजची नाही, वायरीची आहे. दुसरी अडचण पुराची. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पाण्याने शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. अशा दिवसांत किती किलोमीटरचा वळसा पडेल हे कोणत्याही पडद्यावर आधी दिसत नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बॅटरी निम्म्याखाली न जाऊ देणारे चालक मला मुळीच भित्रे वाटत नाहीत.

बॅटरी जुनी होते, हाही हिशेबाचा भाग आहे. कंपन्या सर्वसाधारणपणे आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी देतात. त्या काळात ४० ची क्षमता ३२ युनिटांवर आली असे धरले, तर ताशी ८० च्या वेगानेही पुण्याला पोचताना जेमतेम युनिट-दीड युनिट उरेल. तेव्हा त्या गाडीला साताऱ्याला थांबावेच लागेल. कंदी पेढ्यांसाठी तिथे थांबणाऱ्यांना हा फरक कदाचित जाणवणारही नाही.