पश्च स्क्लेरायटिस आणि बी-स्कॅन : निदानाची पार्श्वभूमी

डोळ्याच्या पांढऱ्या बाह्य आवरणाला, म्हणजे श्वेतपटलाला, पुढच्या बाजूने सूज आली की डोळा गडद लाल होतो, रात्री झोपमोड करणाऱ्या वेदना होतात आणि रोग तपासणाऱ्याच्या नजरेसमोरच असतो. हीच सूज मागच्या भागात आली, म्हणजे पश्च स्क्लेरायटिस झाला, तर बाहेरून डोळा पांढराशुभ्र दिसू शकतो, आणि हाती उरतात ती फक्त दुखण्याची व अंधूक दिसण्याची तक्रार. सुजेमुळे दृष्टिपटलाखाली पाणी साचते किंवा आतून उंचवटा दिसतो. त्याला कर्करोगाची गाठ समजून डोळे काढून टाकले गेले आणि खरा रोग नंतर सूक्ष्मदर्शकाखाली कळला, अशा नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. तोंडाने दिलेल्या स्टेरॉइडने बहुधा आटोक्यात येणाऱ्या आजारासाठी डोळा गमावावा लागणे, याहून मोठी हानी कोणती?

ही परिस्थिती बदलण्यास ध्वनिलहरींची तपासणी, म्हणजे अल्ट्रासाउंड, कारणीभूत ठरली. १९५६ मध्ये अमेरिकेत मुंट व ह्यूज यांनी डोळ्यातील गाठीच्या तपासणीसाठी ए-स्कॅन, म्हणजे प्रतिध्वनींचा एकमितीय आलेख, वापरला आणि १९५८ मध्ये बॉम व ग्रीनवूड यांनी प्रतिध्वनींपासून द्विमितीय चित्र देणारा बी-स्कॅन मांडला. त्या वेळी डोळ्यासमोर पाणी ठेवून तपासणी करावी लागे. १९७०च्या दशकात पापणीवर टेकवता येणारे उपकरण आल्यानंतर ती नेहमीच्या दवाखान्यात पोहोचली. वॉटसन व हेरे यांनी १९७६ मध्ये केलेल्या, आजही वापरात असलेल्या वर्गीकरणात पश्च स्क्लेरायटिसला स्वतंत्र स्थान मिळाले.

बी-स्कॅनमध्ये श्वेतपटल जाड दिसते. २ मिलिमीटरहून अधिक जाडी सहसा संशयास्पद मानली जाते. आवरणाच्या मागे साचलेला द्रव काळ्या पट्टीसारखा दिसतो, आणि तो दृष्टिचेतेच्या (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) भोवतीही पसरला की इंग्रजी ‘टी’ अक्षराचा आकार तयार होतो. ही खूण मोलाची आहे, पण ती प्रत्येक रुग्णात आढळत नाही. म्हणून ती नसली तरी निदान बाद करणे धोक्याचे आहे.

पुढे सीटी आणि एमआरआय यांनी डोळ्याच्या खोबणीचे चित्र दिले. १९९१ मध्ये मांडल्या गेलेल्या ओसीटीने, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने थरांचे चित्र घेणाऱ्या तपासणीने, दृष्टिपटलाचे थर उलगडले, मात्र मागच्या श्वेतपटलाच्या पूर्ण जाडीपर्यंत तिचा प्रकाश सहज पोहोचत नाही. त्यामुळे या आजारात बी-स्कॅनचे महत्त्व अजून टिकून आहे. अर्थात, सुजेमागे संधिवात आहे, रक्तवाहिन्यांचा दाह आहे की, भारतात विशेष लक्षात ठेवावा लागणारा, क्षयरोग, हे कोणताही स्कॅन सांगत नाही. त्यासाठी रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे आणि रुग्णाची सविस्तर विचारपूस करावीच लागते.