केसर लाल, मेघाली केशरी: गावठी आणि विलायती गाजराचा घोळ

दरवर्षी फेब्रुवारीत कुणीतरी गच्चीवरच्या कुंडीचा फोटो दाखवतं. कमरेएवढा दांडा, वर पांढऱ्या फुलांची छत्री आणि प्रश्न ठरलेला, "बी खराब निघालं का हो?" बी चांगलं असतं. पेरताना गावठी आणि विलायती गाजर एकच धरलेलं असतं.

गावठी लाल गाजर तुम्हाला ठाऊक आहे. भोगीच्या भाजीत, संक्रांतीच्या सुगडात आणि हलव्यात जातं ते, लांब आणि रसाळ. विलायती म्हणजे बारा महिने मिळणारं केशरी, बोथट टोकाचं. लालपणा लायकोपीनचा, केशरीपणा बीटा कॅरोटीनचा. चवीबद्दल माझं मत पक्कं आहे: हलवा लाल गाजराचाच. केशरीचा होतो, पण त्याला हलवा म्हणायला जीभ रेटत नाही.

आता रंग विसरा, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. 'पुसा केसर' हे नाव वाचून लोक केशरी गाजर समजून पुडी घेतात. ते लाल आहे. उलट 'पुसा मेघाली' केशरी आहे, पण वागतं गावठीसारखं. दोन्ही दिल्लीच्या पुसा संस्थेची वाणं आणि दोघांच्या रक्तात नॅन्टिस हे विलायती गाजर आहे. 'पुसा यमदग्नि' मात्र कुलू खोऱ्यातल्या कटराईनचं, रंगानं केशरी आणि स्वभावानंही विलायती. म्हणून दुकानात "लाल द्या" म्हणू नका, वाणाचं नाव विचारा.

खरा फरक थंडीचा आहे. नाशिककरांना तो कांद्यावरून चटकन कळेल, कारण गाजरालाही डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. विलायती गाजराला फुलावर यायला साधारण दहा अंशांखालची थंडी सलग सहा-आठ आठवडे लागते. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याची बातमी दर हिवाळ्यात येते खरी, पण ती पहाटेची गोष्ट. दुपारी आपण स्वेटर काढून ठेवतो. त्यामुळे इथे विलायती गाजर सहसा डेंगळत नाही. गावठीला एवढ्या थंडीची गरजच नाही. थोडा गारवा मिळाला, पुढे दिवस मोठा व्हायला लागला, की ते दांडा काढून मोकळं. दांडा निघाला की मुळातली साखर वर जाते आणि आतला गाभा लाकूड होतो. मी एकदा नोव्हेंबरअखेर पुसा केसर पेरलं होतं. फेब्रुवारीत एक उपटून विळीवर धरलं, तर बाहेरचा लाल भाग कापला गेला आणि मधला पिवळा दांडा विळीला दाद देईना. शेवटी बाजूबाजूनं तासून कोशिंबीर केली.

याचा अर्थ पेरणीच्या तारखा वेगळ्या. गावठी उकाडा सोसतं, म्हणून ते सप्टेंबरच्या उत्तरार्धात, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. नव्वद-शंभर दिवस धरले तर ते भोगीला ताटात येतं. उशीर झाला असेल तर गावठीचा हट्ट सोडा आणि नोव्हेंबरपासून विलायती पेरा. ऑगस्टच्या दमटपणात विलायती लावलंत तर ते फिकट, आखूड निघेल. पंधरा ते वीस अंशांत त्याचा रंग खुलतो.

बाकी सगळं दोघांना सारखंच. काळ्या मातीत फाटे फुटतात, कच्च्या शेणखतानंही फुटतात. फूटभर खोल कुंडी, भुसभुशीत माती, बी अर्धा इंच खोल. उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, तोवर वरची माती सुकू द्यायची नाही. रोप लावायच्या भानगडीत पडू नका. विरळणी करताना जीव खालीवर होतो, तरी दोन-तीन इंचांचं अंतर ठेवाच. आणि गाजराचा देठाकडचा तुकडा पाण्यात ठेवून नवं गाजर येतं, हे कृपया कुणाला पाठवू नका. पाला येतो. गाजर येत नाही.

घरचं बी धरायचं असेल तर ते गावठीचंच. पण जे रोप सगळ्यांत आधी डेंगळलं त्याचं बी ठेवू नका. कांदेवाला ठेवतो का? जानेवारीत उपटलेल्यांतली चार-पाच सरळ, गर्द लाल आणि बारीक गाभ्याची गाजरं निवडा. खालचा तिसरा हिस्सा कापून खा, पाला चार बोटं ठेवून छाटा आणि वरचा भाग परत मातीत पुरा. फुलं येतील तेव्हा आसपास केशरी गाजर फुलावर नसावं, मधमाश्या रंग बघून बसत नाहीत.